एक्क्याण्णव झेंड्या

ओबरहाल्डेन
रविवार, २५ एप्रिल २०१०

एबरहार्ड,

प्रिय वगैरे लिहीत नाही. तुला ते खोटं वाटेल, आणि लिहिताना मलाही वाटलं असतं. सोबत एक कागद आहे. त्यावर तुझी सही हवी, एवढंच काम.

बाबांच्या मागे सोनेनहाल्डेचा उतार आपल्या दोघांच्या नावावर झाला. निसर्गसंस्था तो तीस वर्षांसाठी सांभाळायला घेते आहे. अट अशी की दोन्ही मालकांनी आपापला कागद भरून ३० सप्टेंबरच्या आत पोचवायचा. नाही पोचला तर संस्था हात झटकणार, आणि खाणवाले टपून बसलेच आहेत. त्यांचं यंत्र तिथे चढलं की वर्षभरात सगळ्या उताराची खडी. मग आपल्या अस्तरवाल्या कोळिणी शोधायच्या कुठे, रस्त्याच्या डांबराखाली?

तुझा अर्धा भाग तुला खाणवाल्यांना द्यायचा होता, ते मी विसरलेली नाही. गेल्या वर्षीचं तर गावात कोणीच विसरलेलं नाही. मी कोळिणींच्या एक्क्याण्णव रेशमी नळ्यांजवळ झेंड्या लावून खुणा केल्या होत्या. मार्चमध्ये त्यातल्या चौसष्ट फाटल्या, आतल्या कोळिणी पिल्लांसकट गेल्या. आदल्या दिवशी तू दाताळं घेऊन उतारावर गवत ओढत होतास. आणि त्याच्या आठवडाभर आधी 'लाम' खानावळीत बिअरचा पेला हातात धरून, चार लोकांच्या देखत म्हणाला होतास, "एकदा दाताळं फिरवलं की रोसीच्या कोळिणींचा निकाल." उचलली जीभ, लावली टाळ्याला. हे सगळं जगजाहीर आहे. मी उगाळत बसत नाही.

यंदा पिल्लं दहा एप्रिलला बाहेर पडली. हिवाळाभर आईच्या नळीत तळाशी गोळा होऊन बसतात, आणि ऊन जरा चटका द्यायला लागलं की एकामागून एक वर येतात. गवताच्या काडीवर चढतात, मागे सुताची पांढरी पट्टी सोडत. शेंड्यावर पोचलं की वारा उचलेल तिकडे. तुला वाटेल कुठल्या कुठे जात असतील. छे. चार पावलांवर पडतात आणि तिथेच बोटाएवढं बीळ खणायला घेतात. म्हणून तर आयाबाया, मुली, नाती सगळ्या एकाच उतारावर दाटीने राहतात. आठशे किलोमीटरवर बायकोच्या माहेरी समुद्रकाठी जाऊन राहणं त्यांना सुचत नाही.

यंदा झेंड्या लावल्या नाहीत. होत्या त्याही काढल्या. त्यामुळे गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून नळ्या शोधाव्या लागतात. चौसष्टाव्या वर्षी ही माझी कसरत. बाजूच्या पायवाटेने जाणारे विचारतात, "रोसविथाबाई, काही हरवलं का?"

कागद भरून पाठव. पाकिटावर तिकीट लावून दिलं आहे, निमित्त नको.

तुझी मोठी बहीण (नाइलाजाने),
रोसविथा

*

ओबरहाल्डेन
३० मे

एबरहार्ड,

पाच आठवडे झाले. पत्र पोचलं नाही असं मला सांगू नकोस. मी चौतीस वर्षं या डोंगरावर टपाल वाटलं आहे. पोचलेलं पत्र, न उघडलेलं पत्र, उघडून पुन्हा डिंक लावलेलं पत्र, सगळी ओळखते मी.

आणि तुझ्या बायकोला, वीबकेला, मी परवा फोन केलाच. सांगितलं नसेल तिने तुला. विचारलं, "पत्र मिळालं ना त्याला?"

"मिळालं. वाचलं. घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं."

"चिडलाय?"

"चिडला असता तर बरं झालं असतं, रोसविथा. रोज बंधाऱ्यावर फिरायला जातो. इथल्या अग्निशमन दलाचा भोंगा वाजला की अर्ध्या वाटेतून परत येतो आणि दार लावून घेतो. भोंगा थांबेपर्यंत बाहेर येत नाही."

म्हटलं, त्याला मी काय करू? आपल्या गावच्या अग्निशमन दलाचं प्रमुखपद मी काढून घेतलं का? मी दलाच्या वार्षिक सभेला 'लाम'मध्ये आले आणि जे दिसलं ते बोलले. टोपी काढून टेबलावर तू ठेवलीस, तुझ्या हाताने. कोणी "उचल रे ती टोपी" म्हटलं नाही, हाही माझाच गुन्हा का? आता तुझ्या जागी उत्झ आहे. परवा त्याने सरावाच्या वेळी गाडी बेकरीच्या भिंतीत घातली. बेकरीणबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "एबरहार्ड होता तेव्हा आगीची भीती वाटायची, आता बंबाची वाटते." सगळे हसले. मग मला बघून गप्प झाले.

त्या सभेत तू काय म्हणालास तेही माझ्या लक्षात आहे. "रोसी, एकदा येऊन गवत बघ. नळ्यांवरून दाताळं फिरलं असतं तर तिथलं गवत उपटलं असतं." मी म्हटलं, "चोराच्या उलट्या बोंबा." लोकांनी टेबलं बडवली.

कोळिणी बऱ्या आहेत. सध्या पोटभर खाताहेत. तुला कधी धीर धरून बघता आलं नाही, म्हणून लिहिते. नळी जमिनीवर वीतभरसुद्धा नसते, जुन्या हातमोज्याच्या बोटासारखी पडलेली, माती आणि शेवाळ चिकटवलेली. बाकीची सरळ खाली बिळात. ही आत उलटी टांगून वाट बघते. वरून किडा चालत गेला की आतूनच धावत येते आणि अस्तरातूनच दोन्ही सुळे खुपसते. किड्याला कोणी धरलं तेही दिसत नाही. मग नळीला चीर पाडून त्याला आत ओढायचं, आणि जेवायच्या आधी परत येऊन ती चीर शिवायची. आधी घर, मग जेवण. बाबा म्हणायचे, "ही माझ्या धंद्यातली. पण हिचा सांधा दिसत नाही, माझा दिसतो." अख्खी हयात भिंतींना कागद लावण्यात गेलेला माणूस एका कोळिणीपुढे टोपी काढायचा.

आणि आपल्याला गवताची काडी द्यायचे. नळीवरून हळूच फिरवायची. मी फिरवली की काहीच व्हायचं नाही. तू फिरवलीस की आतून टचकन. "एबरहार्डचा हात किड्याचा आहे," बाबा म्हणायचे. दहा वर्षांची मी, त्या वाक्यासाठी तुझा किती द्वेष केला असेल, तुला काय कळणार.

कागद पाठव.

तुझी बहीण,
रोसविथा

*

ओबरहाल्डेन
१८ जुलै

एबरहार्ड,

उन्हाने उतार भाजून निघाला आहे. थाइमच्या झुडपांचा वास थेट दफनभूमीपर्यंत येतो. मी रोज दोन झाऱ्या पाणी घालते बाबांच्या फुलांना. शेजारच्या थडग्याची बेगोनिया जळून गेली आणि त्यांची सून माझ्याकडे अशी बघते जणू पाणी मी चोरलं.

नळीत आता अंडी असतील. रेशमाची थैली करून ती बिळात टांगते आणि जवळ राखण करते. गेल्या शरद ऋतूत आत घेतलेला नर तोवर मेलेला असतो. काही महिने संसार करतो बिचारा, मग मरतो, मग ती त्याला खाते. लोक ऐकून शी शी करतात. मला त्यात काही वाईट वाटत नाही. निदान घरातलं घरातच राहतं.

तू दफनविधीला आला होतास, ते मी पाहिलं. भिंतीच्या बाहेर, अक्रोडाच्या झाडाखाली, काळा कोट घालून. फाटक उघडं होतं. आत का आला नाहीस? गावाने पाहिलं, धर्मगुरूंनी पाहिलं. उत्झने मान हलवून तुला बोलावलंसुद्धा. तू हलला नाहीस. मग लोकांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं.

गावपत्रातल्या मृत्यूच्या नोटिशीत तुझं नाव नव्हतं म्हणून रुसलास, हे मला ठाऊक आहे. काय करू? बाबांचीच तशी इच्छा होती.

पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे. शेवटच्या दिवशी बाबांनी तुझं नाव काढलं. मला जवळ बोलावून म्हणाले, "त्याला सांग, मी माफ केलं." असं म्हणाले. आता तरी तुझा हेका सोड. मेलेल्या माणसाने पाटी पुसली, तू कसली धरून बसला आहेस?

३० सप्टेंबर लांब नाही.

रोसविथा

*

ओबरहाल्डेन
२२ ऑगस्ट

एबरहार्ड,

तुझं कार्ड मिळालं. दीपस्तंभाचं चित्र छान आहे. मागे तीनच शब्द: "झेंड्या का काढल्यास?"

चार महिन्यांत तीन पत्रं लिहिली, सही मागितली, बाबांचा निरोप कळवला, आणि तू विचारतोस झेंड्यांचं! बाबांबद्दल एक अक्षर नाही. तुला काय करायचं आहे रे झेंड्यांचं?

गंजल्या होत्या. तारा गंजतात. वाऱ्याने अर्ध्या वाकल्या होत्या. शिवाय मेंढ्या येतात चरायला, मेंढीच्या डोळ्यात तार गेली तर मेंढपाळ माझ्या नावाने शंख करणार. आणि बघायलाही बरं दिसत नव्हतं, रविवारी शहरातली माणसं येऊन विचारतात इथे काय गोल्फ खेळता का. अशी पन्नास कारणं आहेत.

सही कर आणि मोकळा हो.

रो.

*

ओबरहाल्डेन
५ सप्टेंबर

एबरहार्ड,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मला कळलं की तुला कळलं आहे. कारण एक असतं तर खपलं असतं. मी पन्नास दिली.

आता जे आहे ते लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहायची नाही.

झेंड्या कशाच्या होत्या आठवतं? बाबांच्या उरलेल्या भिंतकागदाच्या. दोन हजार आठच्या शरद ऋतूत मी म्हटलं, नळ्या दरवर्षी नव्याने शोधण्यापेक्षा प्रत्येकीजवळ खूण ठेवावी. बाबा खुश झाले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, तरी त्या जुन्या लांब कात्रीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एक्क्याण्णव पट्ट्या कापल्या. पांढऱ्या, पाण्याने न भिजणाऱ्या, स्नानघराच्या कागदाच्या. मी तारा वळवल्या आणि प्रत्येक नळीपासून एका बोटावर एक एक खोचली. उतार असा दिसायला लागला की गावातले थांबून बघायचे.

यंदा ईस्टरच्या सकाळी, चार एप्रिलला, मी चर्चला गेले नाही. बाबा जाऊन चोवीस दिवस झाले होते, लोकांचं सांत्वन नको होतं. उतारावर जाऊन जुनिपरच्या झुडपामागे बसले. थोड्या वेळाने कावळा आला. एकटाच. झेंडीपाशी उतरला, मान वाकडी करून बघितलं, एक बोट बाजूला चोच घातली आणि नळी खस्सकन वर ओढली. कोळीण झटकून खाल्ली. मग उडाला नाही, एबरहार्ड. चालत पुढच्या झेंडीकडे गेला. तिथून पुढच्या. मी चौतीस वर्षं घरोघर जशी गेले, तसा. पत्ता बघायचा, दार गाठायचं, पुढे जायचं.

मी उठून ओरडायला हवं होतं. पाच नळ्या जाईपर्यंत मी बसून राहिले.

नंतर झुडपामागचा तो दगडांचा भाग बघितला, जिथे मी कधी झेंड्या लावल्याच नव्हत्या, कारण तिथे वाकता येत नाही. तिथे सगळ्या नळ्या धडधाकट. गेल्या वर्षीपासूनच्या, जुन्या, मोठ्या नळ्या. एकीलाही धक्का नाही. मी गेल्या वर्षी फाटलेल्या मोजल्या त्या फक्त झेंडीवाल्या. बाकीच्या बघितल्याच नाहीत, कारण खूण नव्हती. आणि कावळ्याने ओढलेल्या नळ्यांभोवती, गेल्या वर्षीसारखंच, गवत एवढंसं उपटलेलं नाही. तू सांगितलं होतंस, गवत बघ. मी बघायला आले नाही, तुझं तोंड बघत बसले.

त्याच सकाळी सगळ्या झेंड्या उपटल्या. तारांनी बोटं फाटली. टोपलीभर झाल्या.

माझी पहिली दोन पत्रं काढून बघ ड्रॉवरमधून. "तू फाडल्यास" असं मी एकदाही लिहिलेलं नाही. फाटल्या, दाताळं, 'लाम', सगळं शेजारी शेजारी मांडून ठेवलं, की तुझं तूच समजून घ्यावंस आणि मला पुन्हा खोटं बोलायला लागू नये. ताकाला जाऊन भांडं लपवणारी म्हणतात ती मी. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि नंतर चोर दिसला तरी फास सोडवायला गेले नाही.

का, ते विचारशील. लाज वाटली, हे तर आहेच. पण तेवढंच असतं तर दोन आठवड्यांत मोडून पडले असते. खरं सांगू? मला तू गुन्हेगार असलेला बरा वाटत होतास. साठ वर्षं सगळ्यांचा लाडका. हात किड्याचा, टोपी प्रमुखाची. बाबांना आंघोळ मी घालायची, मसूर आणि श्पेट्झ्लेच्या शेवया मी रांधायची, आणि दार वाजलं की ते विचारायचे, "एबरहार्ड आला का?" पहिल्यांदा असं झालं की गाव माझ्या बाजूने होतं.

आता बाबांचं.

त्यांनी आधी मानलंच नाही. तीन आठवडे एकच वाक्य: "एबरहार्ड असं करणार नाही. पाखरू असेल." हो, पाखरू म्हणाले होते. मी एक फाटलेली नळी बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवली, आत मेलेली पिल्लं चिकटलेली होती. म्हटलं, "हे पाखरू दाताळं घेऊन आलं होतं, बाबा." रोज सांगितलं. मग एके दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा पाखराचं नाव काढलं नाही. दाराकडेही विचारलं नाही.

त्यांनी तुला माफ केलं असं मी लिहिलं, ते खोटं आहे. सहीसाठी लिहिलं. अकरा मार्चला सकाळी ते म्हणाले, "त्याने कबूल केलं का?" मी म्हटलं, "नाही. कोडगा आहे तो." मग म्हणाले, "कबूल केलं असतं तर बोलावलं असतं." दुपारी गेले. न केलेल्या गोष्टीच्या कबुलीची वाट बघत गेले, एबरहार्ड. आणि मला खरं कळलं ते चोवीस दिवसांनी. चोवीस दिवस आधी तो कावळा आला असता तर!

नोटिशीचंही. बाबांची तशी इच्छा नव्हती. बाबा तेव्हा वरच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली होते, त्यांना विचारणार कोण. छापखान्याला मजकूर मी लिहून दिला. दोन नावं लिहिली होती. मग तुझ्या नावावर रेघ मारली.

सही करायची तर कर, नाहीतर नको. या पत्राचा आणि त्या कागदाचा संबंध लावू नकोस असं म्हणणार होते. पण माझ्या सांगण्याला आता काय किंमत.

रोसविथा

*

ओबरहाल्डेन
३ ऑक्टोबर

एबरहार्ड,

सोबत गावपत्राचं पान आहे. आजीच्या वेळी असे माफीनामे दर आठवड्याला छापून यायचे, आठवतं? अमक्याने तमकीला चेटकीण म्हटलं ते तो परत घेतो. आजी चष्मा लावून आधी तेवढंच वाचायची आणि म्हणायची, "चार लोकांत थुंकलं ते चार लोकांत पुसायचं." गावपत्राच्या कचेरीतली बाई म्हणाली, "हे आता कोणी छापत नाही. घरी जाऊन फोन करा ना भावाला." मी म्हटलं, मी फोनवर बोलले नव्हते, 'लाम'मध्ये बोलले होते. तिने छापलं. वर रद्दी गोळा करण्याची तारीख आहे, खाली कोणाचं मांजर हरवलं आहे. मधे हे:

"मार्च २००९ मध्ये सोनेनहाल्डे उतारावरच्या कोळिणींच्या नळ्या माझा भाऊ एबरहार्ड क्नाउस याने फाडल्या, असे मी 'लाम'मध्ये सर्वांसमोर म्हटले. ते खोटे आहे. नळ्या कावळ्याने फाडल्या, आणि कावळ्याला त्या माझ्या झेंड्यांनी दाखवल्या. मला हे ईस्टरपासून माहीत होते. मी माझे शब्द परत घेते. रोसविथा क्नाउस."

शुक्रवारी छापून आलं. त्याच दिवशी उत्झ दारात. आत ये म्हटलं तर आला नाही.

"म्हणजे त्याने काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही."

"आणि आम्ही एकानेही तोंड उघडलं नाही." मग म्हणाला, "ईस्टरपासून, रोसविथा? अगं, जुलैमध्ये माझ्या पोराच्या लग्नात तू माझ्या शेजारी बसून केक खाल्लास." आणि गेला. दलातल्यांनी तुला पत्र लिहिलं आहे म्हणे, टोपीबद्दल. त्याचं तू बघ.

बेकरीणबाई पाव देते, बोलत नाही. सुट्टे पैसे हातात न देता गल्ल्यावर ठेवते. मी कोणाला दोष देत नाही. हे सगळं मीच तुला वर्षभर दिलं होतं, आता परत आलं आहे.

उतारावर नर फिरायला लागले आहेत. बारीक, काळे, घाईत. नळी सापडली की आत घुसत नाहीत, आधी वरून पायांनी टकटक करतात. आतून तिने नळी हलवली तर ती नको म्हणाली असं समजायचं आणि निघून जायचं. काल एकाला मी तासभर बघितलं. तीन नळ्यांवर टकटक करून चौथीकडे गेला. झेंडी नव्हती, तरी त्याला नळ्या सापडत होत्या.

तुझा कागद बुधवारी आला, एकोणतीसला. पाकिटात दुसरं काही नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. तुझी सही बघितली आणि वरचं काही न वाचता कागद पिशवीत ठेवला. गुरुवारी पहिली बस धरून संस्थेच्या कचेरीत गेले. तिथे एक तरुण बाई असते, चष्मा कपाळावर. तिने आपले दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोट फिरवत खाली आली.

"रोसविथाबाई, इथे जुळत नाही हो. 'दुसऱ्या मालकाशी नातं.' तुम्ही लिहिलंय, भाऊ. त्यांनी लिहिलंय, काही नाही."

मी वाकून बघितलं. तुझंच अक्षर, सरळ, एकसारखं. कुठे खाडाखोड नाही.

"घाईत लिहिलं असेल," ती म्हणाली. "फोन लावू का त्यांना? दोन्हीकडे सारखं असल्याशिवाय वर पाठवता येत नाही. आणि आज बारा वाजता मुदत संपते."

"फोन नको."

"मग कसं करायचं?"

"पेन द्या," मी म्हटलं.

माझ्या कागदावर 'भाऊ' लिहिलं होतं, त्यावर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, काही नाही. तिने शिक्का मारला. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

तुझ्या नावावर मी रेघ मारली ती बाबांच्या नोटिशीत. ही दुसरी. या वेळी तू सांगितलंस म्हणून.

उतार वाचला.

रोसविथा क्नाउस